समाधान, पण कुणाच्या जिवावर?

दर मार्चला सुखी देशांची यादी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. २०२५ ला भारत ११८ वा, पाकिस्तान १०९ वा. लगेच साताऱ्याहून भावाचा मेसेज: "ताई, सगळं खोटं. तुमच्याकडं मंदी आली की झोपेच्या गोळ्या लागतात. आपली माणसं चटणी-भाकरीवर समाधानी."

मी जर्मनीत स्टुटगार्टला असते. मोटारींच्या या शहरात सध्या नोकरकपातीचीच बोलणी. पण भावाचं वाचलं की मला १९८२ आठवतं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि अण्णा लालबागची खोली सोडून खटाव तालुक्यात गावी आले. (संप म्हणजे मंदी नव्हे, कबूल. चूल विझायची तशीच विझते.) पारावर निम्मे गिरणीवालेच, म्हणून एकट्याला लाज वाटायची नाही, हे खरं. पण अण्णांची चाल मंदावली होती.

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथालची गिरणी बंद पडली, तेव्हा संशोधकांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, बायका भराभर. वाचनालय फुकट करूनही पुस्तकं नेणं निम्म्यावर आलेलं. वाचताना वाटलं, हा तर आमचाच पार! आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापायची. भाऊ ज्याला आपल्या माणसांचं समाधान म्हणतो, त्याचा खर्च तिनं भागवला.

इथं २०२० मध्ये तीन महिने माझे कामाचे तास निम्मे झाले. नोकरी शाबूत, बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के सरकारी रोजगार विभागाकडून. मूल असेल तर ६७. याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात. माझी झोप काही उडाली नाही. यंदा मात्र एक सहकारी कायमचा घरी बसला. भरपाई भरपूर मिळाली, पण जिन्यात "गुटेन टाग" पलीकडे त्याला कुणी विचारत नाही. त्याला एक पार हवा होता.

भाऊ म्हणतो, जर्मनीला परवडतं. अरे, मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रानंच उभी केली, १९७७ ला कायदा केला. आई त्याच कामावर होती. वडूजला जाताना तू गाडी घालतोस ना, त्या रस्त्याची खडी तिच्या टोळीनं फोडलीय.