मुक्काम कागोशिमातच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दक्षिण जपानमधल्या कागोशिमा शहरात मुक्काम ठेवून आसपासचा निसर्ग पाहावा, या माझ्या सल्ल्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सुमारे सहा लाख वस्तीच्या शहरात हॉटेल घ्यायचं, सकाळी बाहेर पडून रात्री दिव्यांच्या झगमगाटात परतायचं, याला निसर्ग पाहणं म्हणत नाहीत. निम्मा वेळ प्रवासात जातो. राहायचं तर किरिशिमाच्या डोंगरात नाहीतर यकुशिमा बेटावर.

यकुशिमाबद्दल आपलं भांडणच नाही. कागोशिमाहून जलद बोटीला दोन ते तीन तास लागतात आणि जोमोनसुगी या पुराणवृक्षापर्यंत जाऊन येणं म्हणजे सुमारे 22 किलोमीटरची, आठ-दहा तासांची चाल. पहाटे निघावं लागतं. बेटावर मुक्काम केल्याशिवाय हे जमणारच नाही.

बाकीच्या भागाचं गणित वेगळं आहे, कारण तिथला कार्यक्रम आपण नाही, ज्वालामुखी ठरवतात. साकुराजिमा हा ज्वालामुखी शहरासमोर, खाडीपलीकडे जेमतेम चार किलोमीटरवर. फेरी पंधरा मिनिटांत पोचते आणि रात्रीही चालू असते. त्याच्या माथ्यावर जायला 1955 पासून बंदी आहे, विवरांपासून दोन किलोमीटरच्या आत पाऊलही टाकता येत नाही. सर्वसामान्यांना जाता येईल अशी सर्वांत उंच जागा युनोहिरा, 373 मीटर. मग पायथ्याशी मुक्काम ठोकून तुम्ही डोंगराच्या किती जवळ जाणार? बेटाच्या पूर्वेचं कुरोकामी मात्र चुकवू नका. 1914 च्या उद्रेकात राखेने तिथल्या देवळाची कमान गाडली, आता तिचा फक्त वरचा भाग जमिनीबाहेर दिसतो. त्याच उद्रेकात लाव्हाने सामुद्रधुनी बुजवली आणि साकुराजिमा ओसुमी द्वीपकल्पाला जोडला गेला. बेट म्हणायचं ते आता सवयीने.

राख कुठे पडणार हे वाऱ्यावर. उन्हाळ्यात पूर्वेचा वारा ती शहरावर आणतो, हिवाळ्यात ती बहुतेक ओसुमीकडे जाते. स्थानिक हवामानवृत्तात साकुराजिमावरच्या वाऱ्याची दिशा स्वतंत्रपणे सांगतात. ती बघायची आणि त्या दिवशी कुठे जायचं ते ठरवायचं. उत्तरेला किरिशिमा, दक्षिणेला इबुसुकी गाव आणि काइमोनदाके डोंगर, समोर साकुराजिमा. हे सगळं एका ठिकाणाहून हाताशी असणं हाच शहरात राहण्याचा फायदा. किरिशिमातला शिनमोएदाके ज्वालामुखी 2011 मध्ये जोरात फुटला, 2018 आणि 2025 मध्येही त्याचे उद्रेक झाले. अशा वेळी आसपासच्या वाटा बंद होतात. तिथल्याच हॉटेलचे पैसे आधी भरून बसलेल्या माणसाला मग खिडकीतून धूर बघण्यापलीकडे काय काम उरतं?

प्रवासात वेळ जातो हा मुद्दा काइमोनदाकेच्या बाबतीत खरा आहे. डोंगर 924 मीटरचाच, आणि वाट शंखासारखी त्याला वळसा घालत माथ्यावर जाते. चढ अवघड नाही, रेल्वेचं वेळापत्रक अवघड आहे. यामाकावा स्थानकाच्या पुढे गाड्या अगदी मोजक्या. परतीची गाडी आधी बघा, मग चढायला लागा.

आणि शहरात निसर्ग नसतो हे कागोशिमाला तरी लागू नाही. तिथली नगरपालिका घरोघरची राख गोळा करायला खास पिशव्या देते. भरलेल्या पिशव्या ठरलेल्या जागी ठेवायच्या, पालिकेची माणसं त्या उचलतात. अंगणात ज्वालामुखी झाडून काढणाऱ्या लोकांना निसर्गापासून लांब राहणारे कसं म्हणायचं? (छत्री बरोबर ठेवा. पावसासाठी नव्हे.)

तुम्ही शेवटी गाडीचं विचारलंय. शहर, साकुराजिमा आणि इबुसुकीसाठी गरज नाही. किरिशिमासाठी घ्या, तिथे बसच्या भरवशावर राहिलात तर दिवस वाट बघण्यात जाईल. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना भारतातून निघण्यापूर्वीच काढा. गाड्या तिथेही आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात.