क्युसेक नको, पार्किंगमध्ये पाणी कधी येणार ते सांगा

शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद. जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत शिरलं, त्यावर एकाचं म्हणणं, नदीकाठी फ्लॅट घेताना कळत नव्हतं का, रात्री प्रत्येकाला उठवायला कोण येणार! वाचून इतका संताप आला की इथे ह्यूस्टनला आय-टेन हायवेवरून एक्झिट घेऊन गाडी लावली आणि उत्तर टाइप करत बसलो.

अरे माझी मावशी राहते तिथे. तिकडे पहाटेचे पाच, इथे ह्यूस्टनला आदल्या संध्याकाळचे साडेसहा, कोणीतरी टाकलेला पाण्याचा व्हिडिओ मी बघितला आणि मी फोन करून तिला उठवलं. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या वर गेला होता म्हणे, पण क्युसेक ऐकून मावशीने काय करायचं? पार्किंगमध्ये पाणी येणार, गाडी काढा, तळमजला रिकामा करा, एवढं सांगायला हवं होतं, तेही पाणी यायच्या आधी. आणि सोय नाही असंही नाही, २०२३ ला सगळ्यांच्या फोनवर सरकारच्या आपत्ती इशाऱ्याचा तो कर्कश टेस्ट मेसेज वाजला होता ना?

इकडे टोर्नेडो वॉर्निंग आली की फोन असाच वाजतो आणि पुढे काय करायचं तेही लिहिलेलं असतं. वादळानंतर फांद्या वेगळ्या, ड्रायवॉल म्हणजे भिंतीचे पत्रे वेगळे, फ्रिज वेगळा, सगळं कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेला ठेवा, मेलबॉक्स आणि वॉटर मीटरपासून लांब, हे इतक्यांदा सांगतात की पाठ होतं. एकतानगरीत मात्र गाळाने भरलेल्या गाद्या रस्त्यावर टाकून लोक कचऱ्याच्या गाडीची वाट बघत होते, कधी येणार ते कोणी सांगेना, मावशीने दोन दिवस चारदा फोन केले.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. जे लिहिलं नाही ते हे, की त्याच महिन्यात ८ तारखेला बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा ह्यूस्टन भागात २२ लाखांवर वीज कनेक्शनं बंद पडली, आणि वीज कंपनीचा कुठे लाइट आहे-नाही दाखवणारा नकाशा मे महिन्याच्या वादळापासूनच बंद होता. लोक व्हॉटअबर्गर या बर्गरवाल्यांच्या ॲपवर कुठलं दुकान उघडं आहे ते बघून कुठे वीज असेल याचा अंदाज बांधत होते. आम्ही पाच दिवस अंधारात, लेकीला घेऊन गाडीत एसी लावून बसायचो. तेव्हा शेजारच्या कोणी विचारलं नाही, मावशी मात्र रोज फोन करायची, जेवलास का रे म्हणून.

शेवटी त्या मित्राने लिहिलं, तू तिकडून बोलू नकोस. बारा वर्षं झाली इथे, पण ह्यूस्टनच्या बायूची, म्हणजे इथल्या संथ ओढ्याची पातळी मी पाऊस पडला तरच बघतो, खडकवासल्याची जून लागला की रोज सकाळी बघतो. मग मी कुठून बोलायचं?