जीआयएल आहे, म्हणून लॉक नको?

पायथन शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: क्लासची जड मेथड बॅकग्राउंडला चार थ्रेडवर (एकाच प्रोग्रॅममधल्या कामाच्या वेगळ्या धाग्यांवर) टाकली की काम चौपट वेगाने होते, जीआयएल (‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’, म्हणजे पायथनच्या इंटरप्रिटरचे अंतर्गत कुलूप) असल्यामुळे आपला वेगळा लॉक (सामायिक डेटा एका वेळी एकाच थ्रेडला हाताळू देणारे कुलूप) लागत नाही आणि थ्रेड ‘डेमन’ केला की पुढची काळजी मिटते.

वेगाचे विधान लवकर निकालात निघते. जीआयएल ज्या थ्रेडच्या हाती असेल तोच पायथनचा कोड चालवतो. त्यामुळे निव्वळ आकडेमोड चार थ्रेडवर वाटून काही साधत नाही. नेटवर्क किंवा डिस्कची वाट पाहताना थ्रेड जीआयएल सोडतो, तेवढ्यापुरता फायदा खरा आहे. गंमत अशी की पहिल्या विधानात थ्रेड एकाच वेळी चालतात असे गृहीत आहे, तर दुसऱ्यात ते तसे चालत नाहीत असे.

लॉकचे विधान मात्र घातक आहे. समजा खात्याच्या क्लासमधली, शिल्लकीतून रक्कम वजा करणारी ‘सेल्फ.खर्च’ ही मेथड थ्रेडला दिली, की तिच्यासोबत मूळ ऑब्जेक्टच जातो, त्याची प्रत होत नाही. लोकल व्हेरिएबल ज्याच्या त्याच्याकडे राहतात, पण सेल्फवरचे सारे सामायिक असते. ‘सेल्फ.शिल्लक -= रक्कम’ ही दिसायला एक ओळ असली, तरी तिच्यात वाचणे, वजा करणे आणि परत लिहिणे अशा वेगळ्या पायऱ्या आहेत. शिल्लक १००० असताना एक थ्रेड ३०० आणि दुसरा २०० वजा करू लागला आणि दोघांनीही आधी १००० वाचून घेतले, तर शेवटी ५०० ऐवजी ७०० किंवा ८०० उरतात. जीआयएल इंटरप्रिटरचा अंतर्गत हिशेब सांभाळतो, आपला नव्हे. पायथन ३.१० पासून थ्रेडची अदलाबदल मुख्यतः फंक्शन कॉल आणि लूपच्या वळणावर होते, त्यामुळे घरच्या छोट्या चाचणीत ही चूक सहसा दिसत नाही आणि सल्ला खरा वाटतो. पण ‘शिल्लक पुरेशी आहे का’ हे पाहणे आणि रक्कम वजा करणे यांच्यामध्ये लॉग लिहिणारा एक कॉल आला, तरी फट उघडते. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून तर जीआयएल नसलेले बिल्डही मिळते. तपासणी आणि वजाबाकी दोन्ही एकाच लॉकखाली हवीत.

डेमन थ्रेड मुख्य प्रोग्रॅम संपताच मध्येच तोडला जातो, मग फाइल अर्धवट लिहिलेली असली तरी. इव्हेंटने (थ्रेडमधल्या सामायिक झेंड्याने) थांबण्याची खूण देऊन ‘जॉइन’ करणे, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत वाट पाहणे, बरे. मेथडमधला एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) मात्र ‘जॉइन’लाही कळत नाही, तो हाती यायला थ्रेडपूलने (थ्रेडच्या तयार संचाने) दिलेल्या फ्यूचरचा (येणाऱ्या उत्तराच्या पावतीचा) ‘रिझल्ट’ मागावा लागतो.

सल्ल्यासोबतच्या नमुन्यात थ्रेडने काय चालवायचे ते ‘टार्गेट=सेल्फ.खर्च()’ असे कंसासह लिहिलेले असते. त्याने मेथड मुख्य थ्रेडवरच, एकापाठोपाठ एक चालून संपते आणि नव्या थ्रेडच्या हाती ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) पडतो. त्या नमुन्यातली शिल्लक दरवेळी बरोबर येते ती यामुळे.