नांग्या भरणारी माणसं

गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका कॉलेजची चाळीस मुलं आमच्या शेतावर राहून गेली. सात दिवस लावणी केली, गोठा झाडला, निघताना काही जण रडलेसुद्धा. त्यांचे फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केलेत. चिखलाने माखलेले चेहरे, हातात रोपांच्या जुड्या, मागे ढगात बुडालेला डोंगर. मला मनापासून आवडले ते फोटो. पण बस गेल्यानंतर काय झालं, ते आज लिहायचंय.

बस वळणाआड गेली आणि तासाभरात आमच्याकडच्या तीन बायका पुन्हा खाचरात उतरल्या. मुलांनी लावलेली बरीच रोपं पाण्यावर तरंगत होती, काही इतकी खोल दाबली गेली होती की फुटवा धरणं कठीण. जिथे रोप नाही तिथे नवीन लावायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. दोन दिवस वाकून त्यांनी हे काम केलं, वरून पाऊस आणि पाठीवर प्लास्टिकची खोळ. कुणी फोटो काढला नाही, आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दापोली तालुक्यात, समुद्र ऐकू येईल इतक्या अंतरावर, आमच्या न्यासाची थोडी जमीन आहे. भाताची खाचरं, माड-पोफळीचं आगर, काजू, चार गाई. शहरातल्या ज्या मुलांना ‘गावाला जाणं’ नावाची गोष्टच नाही, त्यांनी इथे यावं, राहावं, हाताने काम करावं, आणि पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहू नये, एवढ्यासाठी हे चालवलं जातं. मी अकरा वर्षं इथला हिशेब लिहितो. त्यामुळे पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, हे मला तोंडपाठ आहे.

आधी मुलांबद्दल, कारण त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. यंदा एक मुलगी नालासोपाऱ्याहून आली होती. पहिल्या दिवशी बांधावर चप्पल घालूनच उभी. शेताकडचे दादा काही बोलले नाहीत. त्यांनी दोरी ताणली, ती १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आळीपाळीने खुणा असलेली, चारसूत्री लावणीच्या पद्धतीतली दोरी, आणि तिच्या हातात तीन काड्या दिल्या. अंगठा आणि दोन बोटं, इतक्यातच रोप धरायचं. तिने पहिलं रोप मनगटापर्यंत चिखलात खुपसलं. “बाय, दाबू नको. नुसतं टेकव. मुळं आपली आपण जागा धरतात.” तिने पुन्हा लावलं. पुन्हा खोल गेलं. दादांनी ते उपटलं, मुळं पाण्यात खळबळली आणि परत तिच्या हातात दिलं. असं सात-आठ वेळा. आवाज चढला नाही, की ‘राहू दे, मी करतो’ असंही म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी हीच मुलगी दुसऱ्यांना सांगत होती की युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या, मध्ये एकच खोचायची, दोन नाहीत.

दादांनी स्वतः लावलं असतं तर ते खाचर अर्ध्या दिवसात संपलं असतं. शिकवत लावायला तीन दिवस लागले आणि वर नांग्या भरायला दोन. हा वेळ कुणाच्या आयुष्यातून जातो, याचा विचार आपण करत नाही. लावणीचा पाऊस त्यांच्या घरच्या खाचरासाठीही तोच असतो. आमची शिबिरं ज्या आठवड्यात, त्याच आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या राब केलेल्या, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांसाठी तयार केलेल्या, जागेवर रोप तयार होऊन उभं असतं. दरवर्षी यांची लावणी मागे पडते आणि रोप जून होतं.

स्वयंपाकघरातल्या काकूंचा दिवस साडेचारला सुरू होतो. चाळीस मुलांना सकाळी पेज, दुपारी तांदळाच्या भाकऱ्या. तांदळाची भाकरी आदल्या रात्री करून ठेवता येत नाही. उकड काढायची, गरम असतानाच मळायची, एकेक थापायची. मुलांनी एक दिवस हातभार लावला, हौसेने. त्या दिवशी काकूंना दुप्पट वेळ लागला, आणि तरी मुलांनी थापलेल्या चिरलेल्या भाकऱ्या त्यांनी वेगळ्या काढून आपल्या घरच्यांच्या ताटात वाढल्या.

आणि जी काळजी दिसतच नाही, तिचं काय? इथे फुरसं हा विषारी साप आहे, लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचवायला सुरुवात केली, त्याआधी कोकणात विंचवाने माणसं कशी जायची हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिलंय. आज औषध आहे म्हणून दादा निर्धास्त होत नाहीत. रोज पहाटे मुलांच्या खोल्यांबाहेरचा प्रत्येक बूट उलटा करून आपटतात. संध्याकाळी गोठ्याकडच्या वहिनी प्रत्येकाचे पाय बघतात, कुठे जखम आहे का, बोटांच्या बेचक्यात कातडी फाटलीय का. पावसाळ्यात उघड्या जखमेने चिखलात उतरणं म्हणजे लेप्टोच्या तापाला आमंत्रण. जखम असेल त्या मुलाला दुसऱ्या दिवशी खाचरात सोडत नाहीत, त्याने कितीही हट्ट केला तरी.

अशी शिबिरं आपल्याला नवीन नाहीत. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती १९६७ साली. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना आली. तिकडे इंग्लंडात डेव्हनमध्ये क्लेअर आणि मायकेल मॉर्पर्गो या जोडप्याने १९७६ साली शहरातल्या शाळकरी मुलांसाठी धर्मादाय शेत सुरू केलं, तिथेही मुलं आठवडाभर राहून जनावरांचं आणि शेतीचं काम करतात. देश वेगळा, पीक वेगळं. पण मुलं आठवड्याने परत जातात आणि कुणीतरी तिथेच राहतं, हे सगळीकडे सारखंच असणार. गाईला रविवार नसतो.

आता पैशांबद्दल. इथे मला चीड येते, आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

आम्हाला सभागृहासाठी पैसे मिळतात. सौर दिव्यांसाठी मिळतात. मुलांच्या प्रवासासाठी, टी-शर्टसाठीही मिळतात. मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीचे लोक येऊन गेले, सज्जन होते, सगळं बघितलं, जेवले, काकूंच्या सोलकढीचं कौतुक केलं. नवीन सभागृह बांधून द्यायला तयार होते. मी म्हटलं, सभागृह नको, पडवीत चाळीस मुलं बसतात. त्याऐवजी इथे राबणाऱ्या पाच माणसांचा तीन वर्षांचा पगार द्या. उत्तर आलं की पगाराला देता येत नाही, दिसेल असं काहीतरी सुचवा. ज्यांच्या हातची सोलकढी पिऊन ते उठले, त्या समोरच उभ्या होत्या.

निसर्ग वादळाच्या वेळचं तर मी विसरू शकत नाही. ३ जून २०२०. आमच्या आगरातली पोफळ जवळजवळ सगळी आडवी झाली, माड मुळासकट उपटले, गोठ्याचं छप्पर पलीकडच्या वाडीत सापडलं. पूर्वी येऊन गेलेल्या मुलांनी कळवळून पैसे पाठवले. नवीन रोपं घेतली, छप्पर झालं. त्या प्रत्येकाचे उपकार आहेत. पण बाणवली माड लावल्यावर फळाला यायला सहा-सात वर्षं घेतो. तोपर्यंत दर उन्हाळ्यात त्याला पाणी घालायचं, आळं करायचं, भुंगा लागलाय का बघायचं. रोपाला देणगी मिळाली, पाणी घालणाऱ्याला मिळाली नाही. लॉकडाऊनच्या त्या काळात शिबिरं बंद होती, पगार अर्धा केला होता, आणि तो कागद मीच लिहिला होता. पाचांपैकी एकानेही एक दिवस पाणी चुकवलं नाही.

“पण ते सेवा म्हणूनच करतात ना?” असं मला पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. सेवा मी करतो, कारण माझी पेन्शन आहे. काकूंना मुलीच्या नर्सिंगची फी भरायची आहे. दादांचा धाकटा मुलगा इथेच काम करायला तयार होता, त्याला शेतीची समज आहे, मुलांशी बोलायची हातोटी वडिलांसारखीच. त्याला घर चालेल इतका पगार आम्ही देऊ शकलो नाही. तो आता विरारला राहतो, एका गोदामात रात्रपाळी करतो, गणपतीला चार दिवस येतो. शहरातली मुलं आठवडाभर गावात यावीत म्हणून आपण निधी उभा करतो, आणि गावातला मुलगा गावात राहायला तयार असताना त्याच्यासाठी आपल्याकडे पैसे नाहीत. मला हे पटत नाही. हिशेबाच्या वहीत दरवर्षी हे दिसतं आणि दरवर्षी छातीत कालवतं.

म्हणून यंदापासून न्यासाने वेगळं खातं धरलंय, नाव सरळ ‘पगार’. आयकर सवलतीची पावती त्यालाही मिळते. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी छोटी रक्कम आमच्या जास्त उपयोगाची, कारण पगार दरमहा द्यायचा असतो. आणि ज्यांच्या कंपनीत, ट्रस्टमध्ये असे निर्णय होतात, त्यांनी बैठकीत एवढंच विचारावं की या इमारतीत काम कोण करणार आणि त्याला पैसे कोण देणार.

खात्यात पहिली रक्कम आली ती दोनशे रुपयांची. २०१९ च्या शिबिराला आलेली मुलगी, आता ठाण्याला नोकरी करते, दरमहा पाठवणार म्हणाली. काकूंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून विचारलं, “ती उंच, तिला दूध चालायचं नाही ती?” मी रजिस्टर काढून बघितलं. आहाराच्या रकान्यात तसंच लिहिलं होतं.

पुढची तुकडी रविवारी येतेय, पस्तीस जण. वरच्या दोन खाचरांची लावणी त्यांच्यासाठी राखून ठेवलीय. दादांच्या घरची अजून व्हायची आहे.