59 की 60? 'जुन्या स्कोअरर'ना उत्तर

नमस्कार,
प्रतिक्रियेखाली तुम्ही 'एक जुना स्कोअरर' अशी सही केली आहे, तेव्हा हिशेब चोख द्यावा लागणार! तुमचे आक्षेप तीन. बेसबॉलमध्ये प्रत्येक विजय एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर लिहितात; प्रॉव्हिडन्स ग्रेज या अमेरिकन संघाचा पिचर चार्ल्स रॅडबोर्न याचे 1884 च्या मोसमातले विजय 60 असताना मी माझ्या लेखात 59 लिहिले. त्याच्या 1.38 या सरासरीच्या कौतुकात मी वाहवत गेलो. आणि पन्नास फुटांवरून खालून चेंडू टाकायला असं काय लागतं?

शेवटचं आधी घेतो. पन्नास फूट बरोबर. आजचे साठ फूट सहा इंच 1893 पासूनचे. पण 'खालून' चूक. ग्रेज ज्या स्पर्धेत खेळत त्या नॅशनल लीगने हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू टाकायची मोकळीक 1884 सालीच दिली. (क्रिकेटने ती वीस वर्षं आधी, 1864 मध्ये दिली होती.) तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र तुमच्याकडून निसटला: तेव्हा बॅटरला फुकट बेस मिळायला आजच्यासारखे चार नव्हे, सहा 'बॉल' (बॅटरच्या टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) लागत. पिचरची चैनच की!

सरासरीबद्दल कान पकडतो. 1.38 म्हणजे नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या माथी लागलेल्या धावा. रॅडबोर्नच्या माथी 104 लागल्या, पण त्याच्यासमोर निघालेल्या एकूण धावा दोनशेच्या वर होत्या. उरलेल्या धावा क्षेत्ररक्षकांच्या चुकांच्या खात्यात गेल्या, आणि ते बिचारे बहुतेक उघड्या हातांनी झेल घेत होते. शिवाय ही सरासरी त्या काळी अधिकृतपणे कुणी मोजतच नव्हतं. मागाहून जुन्या स्कोअरवरून काढली गेली. मी हे लेखात लिहायला हवं होतं.

59 मात्र सोडणार नाही. 28 जुलैला फिलाडेल्फियात पहिले पाच डाव ग्रेजच्याच सायक्लोन मिलरने टाकले, उरलेले रॅडबोर्नने. तेव्हाच्या स्कोअररने विजय रॅडबोर्नला दिला. आजच्या नियमाने तो मिलरचा. म्हणून काही नोंदींत 60, काहींत 59.

खरं तर या एकाने काय बिघडतं? 1968 मध्ये डेनी मॅक्लेनने 31 सामने जिंकले, त्यानंतर तीसही कुणाला जमले नाहीत. मला चक्रावतो तो वेगळाच आकडा: रॅडबोर्नने त्या एका मोसमात टाकलेले 678 डाव आणि वर दोन बाद (बेसबॉलचा डाव तीन बादांचा). आज दोनशे टाकणारा पिचर दणकट म्हणवतो. जुलैत ग्रेजचा दुसरा पिचर चार्ली स्वीनी भांडून संघ सोडून गेला, आणि रॅडबोर्नने, पगारवाढ ठरवून घेऊनच हं, जवळजवळ सगळा भार एकट्याने उचलला. 73 सामने सुरू केले, 73 पुरे केले. सकाळी केस विंचरायलाही हात वर जात नसे, असं सांगतात.

तर मिलरचा विजय मी मिलरकडेच ठेवतोय. त्या दिवशी पेन्सिल तुमच्या हातात असती, तर तुम्ही कुणाच्या नावावर लिहिला असता?