मुलांच्या ताटामुळे सरकार फुगत नाही

गेल्या काही आठवड्यांपासून सोलापुरातील व्हॉट्सॲप समूहांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : अंगणवाडी, शालेय पोषण आहार, मातृवंदना आणि लेक लाडकी यांसारख्या योजनांमुळे सरकार फुगत चालले आहे; पैसे मिळतात म्हणून गरीब लोक जास्त मुले जन्माला घालतात; मूठभर करदाते कमावतात आणि बाकीचे बसून खातात; बहुतेक पैसा मधल्यामध्ये चोरीला जातो; प्रगत देशांत असले लाड नसतात; तेव्हा हे सर्व बंद करून सरकार लहान करावे. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे जवळचे स्नेही आहेत आणि त्यांचा राग खोटा नाही. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे सरकार आपला पैसा कुठे घालते हे विचारायलाच हवे. परंतु त्या रागाचे खापर लहान मुलांच्या डोक्यावर फोडले जाते, हे मला अजिबात मान्य नाही.

पैशासाठी मुले जन्माला घातली जातात, हा आरोप योजनांचे नियम न वाचता केलेला आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात, दुसरे अपत्य मुलगी असेल तरच 6,000 रुपये मिळतात आणि तिसऱ्यासाठी काहीही मिळत नाही. लेक लाडकी योजना 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी असून, दुसऱ्या अपत्यानंतर आईने किंवा वडिलांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणे ही तिची अटच आहे. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर एकूण रक्कम 1,01,000 होते हे खरे, पण जन्मापासून सहावीत जाईपर्यंत हातात पडतात ते एकूण 18,000 रुपये. एवढ्या पैशात अकरा-बारा वर्षे मूल वाढत नाही, हे कोणत्याही आईबापाला ठाऊक आहे. शिवाय 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, 1.7 आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या 2.1 पेक्षाही कमी. पोलंडने तर जन्मदर वाढावा म्हणूनच 2016 पासून दरमहा मुलांसाठी रोख रक्कम द्यायला सुरुवात केली, आणि तेथेही थोड्याशा वाढीनंतर काही वर्षांतच जननदर पुन्हा खाली गेला.

आता करदात्यांविषयी. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हा मुद्दा सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या हजारो स्त्रियांचा थेट अपमान करतो. आयकर भरणारे थोडे आहेत, हे बरोबर. पण कर म्हणजे केवळ आयकर नव्हे. साबण, चप्पल, मोबाईलचे रिचार्ज, डिझेलवर चालणाऱ्या गाडीतून येणारी भाजी या सर्वांच्या किमतीत कर असतो आणि तो गरीब माणूसही भरतो. जिल्ह्यातील कितीतरी घरे ज्यावर चालतात त्या विडीवर 2017 साली जीएसटी आला तेव्हा 28 टक्के कर लावला गेला. त्याच्याही आधी, 1976 च्या कायद्याने विडीवर एक खास उपकर बसवलेला होता आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कल्याण निधीतून विडी कामगारांचे दवाखाने, घरबांधणीचे साहाय्य आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा खर्च चालत असे. म्हणजे मांडीवर सूप घेऊन दिवसभर पाने वळणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेसाठी जी शिष्यवृत्ती मिळत होती, ती तिच्याच हातच्या मालावर वसूल केलेल्या पैशातून मिळत होती. 2017 मध्ये तो उपकर रद्द झाला. त्या बाईला बसून खाणारी म्हणणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. ती बसलेली असते, हे खरे. पण हजार विड्या पूर्ण झाल्याशिवाय तिला उठता येत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मध्यमवर्गाने, म्हणजे माझ्यासारख्यांनी, प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. आयकराच्या जुन्या पद्धतीत 80 सी कलमाखाली दोन मुलांच्या शिकवणी शुल्कावर आम्ही वर्षानुवर्षे सवलत घेत आलो. सरकारने न घेतलेला कर आणि सरकारने दिलेली रक्कम यांचा तिजोरीवरचा परिणाम सारखाच असतो. तरीही आमच्या सवलतीला कोणी रेवडी म्हटले नाही, आणि अंगणवाडीतल्या उसळीला मात्र म्हटले जाते.

सरकार फुगते ते नेमके कशाने, हे आकड्यांत पाहू. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या शालेय आहारासाठी धान्य सोडून साहित्याचा दर मे 2025 पासून दिवसाला 6.78 रुपये आहे. शाळेचे 200 दिवस धरले तर एका मुलामागे वर्षाला 1,356 रुपये होतात. अंगणवाडीतील सर्वसाधारण मुलाच्या आहाराचा दर 2017 साली दिवसाला 8 रुपये ठरला. अंगणवाडी सेविका या सरकारी नोकर नाहीत. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. 1975 पासून अंगणवाडीची योजना चालू असूनही त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, असे वर उल्लेखिलेले सर्वेक्षणच सांगते. ती मुले मोजणारी, त्यांना काट्यावर उभी करून वजन लिहिणारी आणि आलेखावर हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरलेले मूल सर्वांत आधी ओळखणारी यंत्रणा म्हणजे ही मानधनावरची बाई आहे.

ही यंत्रणा नसली तर काय होते, ते आपण पाहिले आहे. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातील अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या आणि तो संप अनेक आठवडे चालला. आमच्या ओळखीच्या एका गल्लीत त्या काळात अंगणवाडीला कुलूप होते. तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी दिसायची, शाळेत का गेली नाहीस विचारले तर म्हणाली, "ह्याला कोण बघणार? आईच्या विड्या राहत्यात." घरी तेलुगू बोलणारा तो मुलगा अंगणवाडीतच मराठी गाणी शिकत होता. लहान सरकार म्हणतात ते त्या गल्लीपुरते असे दिसले.

चोरीचा आरोप मात्र मी फेटाळणार नाही. पाकिटात कीड लागलेला आहार, हजेरीपटावर जास्त दाखवलेली मुले हे प्रकार घडतात. सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, असा आदेश 2004 मध्येच दिला होता. तो काटेकोर पाळला जावा, अशी मागणी त्या मजकुरात असती तर मीही तो पुढे पाठवला असता. धान्याला घूस लागली तर कणगीचा बंदोबस्त करतात, पेरणी थांबवत नाहीत.

प्रगत देशांविषयीचा दावा तर निखालस चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलासाठी साप्ताहिक भत्ता 1946 पासून सुरू झाला, आणि त्याचा कायदा चर्चिल यांच्या काळजीवाहू सरकारच्या काळात संमत झाला होता. सरकार लहान असावे असा आग्रह जेथे सर्वांत मोठा, त्या अमेरिकेत मुलांसाठीची करसवलत 1997 च्या कायद्याने आली. ती 2021 या एका वर्षापुरती वाढवून गरिबांनाही पूर्ण दिली, तेव्हा सरकारी मदत आणि करसवलतीही जमेस धरणाऱ्या पूरक मोजमापानुसार बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवर आले. वाढ मागे घेतल्यावर 2022 मध्ये ते 12.4 टक्के झाले.

सरकार खरोखर आटोपशीर करायचे असेल, तर कात्री कुठे लावावी हे मी सांगतो. लेक लाडकीसाठी पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका लागते. ती सरकारनेच उत्पन्न पाहून दिलेली असते. तरीही त्याच सरकारच्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुन्हा जोडावा लागतो. विडी घरकुल या शहराबाहेरच्या कामगार वसाहतीतल्या आईला त्यासाठी अर्जाला एकदा आणि दाखला घ्यायला पुन्हा एकदा शहरात यावे लागते, सर्व्हर बंद असला तर तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक खेपेला तिच्या हजार विड्या बुडतात. तो अर्ज घेणारा, तपासणारा, सही करणारा आणि पुढे पाठवणारा असे चार जण सरकारच्याच पगारावर आहेत. हा एक दाखला रद्द करा, अशी मागणी माझ्या त्या स्नेह्यांनी करावी. निवेदनावर पहिली सही मी करीन.