क्राबीला जाताना भरती-ओहोटी बघायची का? हो, बघायची.

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: मे महिन्यात मुलांना घेऊन थायलंडमधल्या क्राबीला गेलात, माझ्या लेखातला समुद्रातून जाणारा वाळूचा रस्ता दिसलाच नाही, तिथे मांडीभर पाणी होतं. फी फी ले बेटावरच्या माया बे या किनाऱ्यावर माणशी ४०० बाट भरले आणि पोहू दिलं नाही, ही तर लूट आहे. क्राबी गावात मुक्काम केलात, तर तिथे किनाराच नाही. आणि शेवटी विचारलंत, "सुट्टीला गेलेल्या माणसाने भरती-ओहोटीची कोष्टकं बघत बसायचं का?" रजा आणि पैसे दोन्ही खर्चून असा हिरमोड झाला की राग येणारच. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असंच आहे.

आधी वाळूच्या रस्त्याबद्दल. थाले वेक हा को थाप, को मो आणि चिकन आयलंड यांना जोडणारा वाळूचा दांडा. ओहोटी पुरेशी खाली गेली तरच तो उघडा पडतो. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी अडीच-तीन मीटर वरखाली होतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. तेव्हाही ओहोटी येते, पण बेताची, आणि वाळूवर पाणी तसंच राहतं. ही बेटं दाखवणारी 'चार बेटांची सहल' मात्र रोज ठरल्या वेळी निघते आणि ठरल्या वेळी परत येते. बोटवाल्याने तुम्हाला बरोबर जागी नेलं असणार, फक्त वेळ समुद्राची नव्हती. म्हणूनच मी लेखात म्हटलं होतं की तिथे पोचल्यावर पहिल्यांदा हॉटेलात ओहोटीची वेळ विचारा आणि बेटांचा दिवस त्यावरून ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्या सहलीचा रंग त्यावर ठरतो.

क्राबीजवळच्या रायले किनाऱ्याचंही तसंच. चुनखडीच्या कड्यांनी वेढलेलं असल्यामुळे तिथे रस्ता जात नाही, बोटीनेच जावं लागतं. पूर्वेच्या बाजूला ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की नुसता चिखल उरतो. पश्चिमेला त्याच वेळी वाळू छान रुंद झालेली असते. तिथल्या लाँगटेल बोटी पाहिल्या असतील तर आठवा: मागे गाडीचं इंजिन बसवलेलं, त्याला लांबलचक दांडा आणि टोकाला पंखा. उथळ पाणी आलं की नावाडी अख्खं इंजिन कलवून पंखा पाण्याबाहेर काढतो. ही बोट या उथळ, वरखाली होणाऱ्या पाण्यासाठीच घडलेली आहे. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बांधलेली रंगीत फडकी आणि फुलांचे हार बोटीच्या रक्षक देवीचे असतात, त्यामुळे तिथे पाय ठेवू नका, मुलांनाही आवर्जून सांगा.

आता माया बे. तुमच्या प्रतिक्रियेतला 'लूट' हा शब्द मला मुळीच पटला नाही. २००० साली हॉलिवूडच्या एका सिनेमात ही जागा दिसली आणि तिच्यावर झुंबड उडाली. एवढ्याशा किनाऱ्यावर दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं उतरत होती. बोटींचे नांगर प्रवाळावर पडत होते. शेवटी जून २०१८ मध्ये थायलंड सरकारने किनारा बंद केला. प्रवाळाची नव्याने लागवड झाली, माणसं नसलेल्या पाण्यात ब्लॅकटिप रीफ शार्क परतले, आणि जानेवारी २०२२ मध्ये नियम घालून जागा पुन्हा खुली झाली. आता बोटी समोरून खाडीत शिरत नाहीत. मागच्या लो समा बाजूला उतरून लाकडी वाटेने चालत जायचं, पोहायचं नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरात तर दरवर्षी पूर्ण बंद. ज्या उथळ पाण्यात शार्कची पिल्लं वाढतात, तिथे आपण नाही उतरलो तर काय बिघडलं? पोहायला तिथे दुसरी किती बेटं पडली आहेत. मला विचाराल तर हा नियम आणखी कडक झाला तरी चालेल.

याच संदर्भात एक सांगायचं राहून जायला नको. ऑगस्ट २०२१ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी प्रवाळाला घातक द्रव्यं असलेलं सनस्क्रीन वापरायला बंदी आहे. दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो. इथून निघतानाच बाटलीवरची नावं वाचून घ्या, किंवा सरळ पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला.

गावात किनारा नाही, हे खरंच आहे. क्राबी गाव नदीच्या मुखाशी आहे, पोहण्याचा किनारा आओ नांगला. मी गाव सुचवलं ते खाडीसाठी. हे सगळं खाडीमुख २००१ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ओहोटीत खारफुटीची मुळं उघडी पडतात, चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) सरपटतात, उड्या मारतात, आणि एकच नांगी मोठी असलेले इवलेसे खेकडे ती वर-खाली हलवत बसलेले असतात. मुलांना हे दाखवायला बेटावर जायची गरजच नाही. समोरच्या को क्लांगला छोट्या होडीने जाता येतं. तिथली वस्ती मुसलमान शेतकरी-कोळ्यांची, आणि भातशेती थेट खाडीच्या कडेला. ज्यांना फक्त पोहायचंय त्यांनी आओ नांगलाच राहावं, त्यात काही चूक नाही.

मे महिन्याचं तुम्ही लिहिलंत ते मात्र मला अगदी कळतं, शाळेची सुट्टी तेव्हाच असते. पण अंदमान समुद्राच्या या बाजूला मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे असतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर लाटा वाढतात, लाल बावटे लागतात. मेमध्येच जावं लागलं तर उघड्या समुद्रातल्या बेटांवर सगळी भिस्त ठेवू नका. आओ थालेनसारख्या आडोशाच्या जागी कड्यांमधून, खारफुटीतून कायाक चालवायला मिळतात. तिथेही पाणी उतरलं की अरुंद वाटा बंद होतात, म्हणून वेळ भरतीची धरा.

पुन्हा जाणार असाल तर नोव्हेंबरात पडणारी दिवाळी बघा. पाऊस ओसरलेला असतो, समुद्र शांत होऊ लागतो. शिवाय लक्ष्मीपूजन अमावस्येलाच, आणि उधाणाचा जोर अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त, म्हणजे नेमका पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास. थाले वेकसाठी त्यातलाच दिवस राखून ठेवा, ओहोटीची वेळ दिवसाउजेडी कधी आहे ते विचारा, आणि ठरलेल्या सहलीत न जाता त्या वेळेपुरती वेगळी लाँगटेल सांगा.